आजारी डॉक्टर आणि ड्युटीचा तक्ता

आनंदीबाई जोशींबद्दल दोन गोष्टी आपल्याला शाळेपासून पाठ असतात. त्या डॉक्टर झाल्या, आणि त्या फार लवकर गेल्या. काशीबाई कानिटकरांचं चरित्र, श्री. ज. जोशींची कादंबरी, २०१९ मधला समीर विद्वांसचा सिनेमा, सगळ्यांचा जीव पहिल्या गोष्टीत आहे. ते योग्यही आहे. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने मृत्यू, वय २१. म्हणजे ही मुलगी डॉक्टर होता होताच आजारी पडत होती. परक्या देशातली थंडी, न मानवणारं जेवण, खालावत जाणारी तब्येत आणि त्यातच अभ्यास. एक वैद्यकीय विद्यार्थिनी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असतानाच खंगत गेली, या वाक्यावर आपण सहसा थांबत नाही. त्याला 'त्याग' म्हणतो आणि पुढे जातो.

आजारी डॉक्टरची गोष्ट सांगायची आपली ही जुनी सवय आहे. डॉक्टरच्या दुखण्याला गोष्टीत जागा मिळते, पण एका अटीवर: दुखणं मोठं हवं आणि त्यातून काहीतरी उदात्त निघायला हवं. त्याग, साक्षात्कार, मृत्यूपुढचं धैर्य, यांपैकी काहीही चालेल. तीन दिवस न मिळालेली झोप, जेवणाऐवजी खाल्लेला वडापाव, तासन् तास रोखून धरलेली लघवी आणि तिच्यामुळे पुन्हा पुन्हा होणारं इन्फेक्शन, ताप असताना गोळी घेऊन केलेली इमर्जन्सी, यांतून काहीच उदात्त निघत नाही. म्हणून त्यांची गोष्टही होत नाही.

गेल्या काही महिन्यांत मी डॉक्टरांनी स्वतःच्या तब्येतीबद्दल लिहिलेलं बरंच काही वाचलं, पाहिलं. त्यातल्या तीन कलाकृती शेजारी ठेवून बोलायचं आहे. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग', पॉल कलानिधीचं 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' आणि अॅडम केचं 'धिस इज गोइंग टू हर्ट' (पुस्तक आणि त्यावरची बीबीसीची मालिका). तिन्ही लोकप्रिय आहेत आणि मला तिन्ही आवडतात. त्या लोकप्रिय का आहेत, तिथेच माझी अडचण सुरू होते.

घर बदलणारा रोगी

'माझा साक्षात्कारी हृदयरोग' मराठी घरांत इतकं पोचलं आहे, की वाचलं नसलं तरी कोणाच्या तरी कपाटात तुम्ही ते पाहिलं असेल. बाबांना स्टेंट पडली की कोणीतरी भेट देतंच. गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी करणारा, जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून आलेला, गांधीवादी घरात वाढलेला डॉक्टर. वयाच्या ४४ व्या वर्षी त्याला हृदयविकाराचा झटका येतो. मग भीती, मग कारणांचा शोध, मग डीन ऑर्निश यांच्या पद्धतीचा आधार, आहार, चालणं, योग, ध्यान आणि शेवटी अध्यात्म.

या पुस्तकाची ताकद त्याच्या प्रामाणिकपणात आहे. इतरांच्या आरोग्याचा हिशेब मांडणारा माणूस स्वतःच्या शरीराच्या बाबतीत किती बेहिशेबी होता, हे लेखक लपवत नाही. डॉक्टरने स्वतःला खाटेवर झोपवून तपासलं आहे, आणि तेही सोप्या मराठीत. आपल्याकडे डॉक्टर चुकतो हेच मान्य करायला लोक बिचकतात, तिथे डॉक्टर घाबरतो हे लिहिणं सोपं नव्हतं.

पण पुस्तकाचा रस्ता आत आत जातो. रोग का झाला, याचं उत्तर माणसाच्या घाईत, रागात, महत्त्वाकांक्षेत, ताटात शोधलं जातं आणि उपायही तिथेच सापडतो. स्वतःला बदला, हृदय बदलेल. ज्याच्या हातात स्वतःचा दिवस आहे, त्याच्यासाठी हा सल्ला सोन्यासारखा आहे. डॉ. बंग स्वतःच्या संस्थेत राहत होते. सोबत राणी बंग होत्या, त्याही डॉक्टर. भोवती शोधग्रामसारखी वस्ती होती, जिथे संस्थापकाने सकाळी फिरायला जायचं ठरवलं तर वाट उपलब्ध होती. साक्षात्काराला लागणारी ही सामग्री पुस्तकात सगळीकडे आहे, पण ती कारण म्हणून मोजली जात नाही. ती पार्श्वभूमी होऊन राहते.

सेकंड इयरच्या रेसिडेंटने हे पुस्तक वाचलं तर तिने काय करावं? पहाटे चालावं? पहाटे ती वॉर्डात रक्ताचे नमुने घेत असते. शांतपणे चावून जेवावं? मेस बंद व्हायच्या आत पोचली तरी पुष्कळ. हा दोष मी डॉ. बंगांवर टाकत नाही. त्यांनी स्वतःची गोष्ट लिहिली. दोष आपल्या वाचण्याचा आहे. डॉक्टरने तब्येत कशी सांभाळावी, या प्रश्नाला आपण कायमचं एकच उत्तर धरून बसलो: त्याने सुधारावं.

जेफला मिळालेली जागा

कलानिधीचं पुस्तक माझ्या पिढीने रडत रडत वाचलं. स्टॅनफर्डमधला न्यूरोसर्जरीचा रेसिडेंट, प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावर असताना फुफ्फुसाचा कर्करोग, मार्च २०१५ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी मृत्यू. पुस्तक २०१६ मध्ये आलं, शेवटचं प्रकरण पत्नी लूसीने लिहिलं. भाषा सुंदर आहे, विचार खोल आहे. त्याबद्दल वाद नाही.

वाद असलाच तर एका छोट्या भागाबद्दल आहे. कर्करोग कळण्याआधीच्या वर्षांचं वर्णन करताना कलानिधी एका मित्राबद्दल सांगतो. पुस्तकात त्याचं नाव जेफ आहे, तो सर्जन आहे. त्याच्या हातून एका रुग्णाच्या बाबतीत गुंतागुंत होते, रुग्ण दगावतो आणि जेफ आत्महत्या करतो. कलानिधी हळहळतो, आपण त्याच्यासोबत असतो तर काय बोललो असतो याचा विचार करतो, आणि पुस्तक पुढे सरकतं. सगळं मिळून पान-दीड पान.

मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा याच ठिकाणी अडले. इथे दोन तरुण सर्जन आहेत आणि दोघंही मरतात. एकाला पेशींनी मारलं, त्याचं पुस्तक झालं. दुसऱ्याला काय झालं, ते आपल्याला धड कळतही नाही. त्या रात्री तो किती तास जागा होता? रुग्ण दगावल्यावर त्याच्याशी कोणी बोललं का? दुसऱ्या दिवशी त्याची ड्युटी होती का? अर्थात, मरणाच्या दारात बसून स्वतःची गोष्ट लिहिणाऱ्या माणसाने हे सगळं का शोधावं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण त्याच पुस्तकात कलानिधी उपचारांनंतर पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये परत जातो. मळमळ आणि वेदना औषधांनी दाबून तो रेसिडेन्सी पूर्ण करायला धडपडतो. आपण वाचक त्याचं कौतुक करतो. शरीराला न जुमानता उभं राहणं म्हणजे डॉक्टर असणं, हा संस्कार तिथे अधिकच पक्का होतो. हाच संस्कार जेफवरही झालेला असणार. एका ठिकाणी त्याचा गौरव होतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याने माणूस खाल्ला असेल, अशी शंकाही मनात येत नाही.

कॅमेरा कोणाकडे होता?

'धिस इज गोइंग टू हर्ट' या दोघांच्या उलट टोकाला उभं आहे. अॅडम के ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत स्त्रीरोग विभागात ज्युनिअर डॉक्टर होता. २००४ ते २०१० या काळातल्या त्याच्या डायऱ्यांचं हे पुस्तक २०१७ मध्ये आलं. ते अतिशय विनोदी आहे. काही विनोद बायकांच्या शरीरावर इतक्या सहज घसरतात, की हसू थांबतं. पण एक गोष्ट के कधीच विसरत नाही: घड्याळ. किती वाजता ड्युटी सुरू झाली, किती वाजता संपायला हवी होती आणि प्रत्यक्षात किती वाजता संपली. बुडालेली लग्नं, बुडालेले वाढदिवस, विस्कटत जाणारं नातं, हे सगळं तो ड्युटीच्या तक्त्याच्या भाषेत सांगतो. एका सिझेरियनमध्ये बाळ दगावतं, आईचा जीव धोक्यात येतो, त्यानंतर तो उभाच राहू शकत नाही आणि पेशा सोडतो. इथे साक्षात्कार होत नाही, राजीनामा होतो. पुस्तकाच्या शेवटी आरोग्यमंत्र्याला पत्र आहे. बंगांचं पुस्तक आत्म्याकडे जातं, केचं मंत्रालयाकडे.

२०२२ ची मालिका मला पुस्तकाहून मोठी वाटते, आणि त्याचं कारण म्हणजे श्रुती आचार्य. हे पात्र मूळ पुस्तकात नाही, ते मालिकेसाठी तयार केलं. अंबिका मॉडने ते केलं आहे. पहिल्या भागाच्या सुरुवातीला अॅडम (बेन व्हिशॉ) हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीतच जागा होतो. तेव्हापासून तो कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशी बोलत राहतो, टोमणे मारतो. आपण त्याच्या बाजूचे होतो. कोण मोडणार आहे? अर्थात अॅडम. आपलं सगळं लक्ष त्याच्यावर असतं.

आणि त्याच्या शेजारी, फ्रेमच्या कडेला, श्रुती काम करत असते. ती ज्युनिअर आहे. ड्युटीच्या फटीत परीक्षेचा अभ्यास करते. आईवडिलांना तिचा अभिमान आहे. ती हजरजबाबी आहे, त्यामुळे ती ठीक असणार असं आपण धरून चालतो. अॅडम तिला कधी सांभाळतो, कधी तोडून बोलतो. हळूहळू ती कामात तरबेज होते आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत जातो. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून दुसरी दिसत नाही. सहाव्या भागात ती आत्महत्या करते. प्रेक्षक म्हणून धक्का बसतो आणि पाठोपाठ लाज वाटते, कारण सगळं आपल्यासमोरच चाललं होतं. आपण बोलणाऱ्याकडे बघत होतो. कॅमेऱ्याशी बोलण्याची ती गंमतशीर युक्ती एवढ्यासाठी होती, हे तेव्हा कळतं. जेफला पान-दीड पान मिळालं होतं. श्रुतीला सहा भाग मिळाले, तरी तिच्याकडे बघायला आपण उशीरच केला.

(हे वाचताना स्वतःबद्दल किंवा जवळच्या कोणाबद्दल काळजी वाटली, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.)

माझी मामेबहीण एका सरकारी महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्रात पीजी करते. ही मालिका तिने तुकड्या तुकड्याने, तीन महिन्यांत पाहिली. तिचं मत विचारलं तर म्हणाली, "ताई, तो गाडीत झोपतो याचं काय एवढं? त्याच्याकडे गाडी आहे." मग म्हणाली, "आमच्याकडे सहा जणींत दोन खाटा. जी आधी येईल ती झोपेल. उरलेल्या एक्झामिनेशन टेबलवर." मी म्हटलं, यावर कोणीतरी लिहायला पाहिजे. ती हसली. "लिहायला वेळ असता तर झोपले नसते का?"

हे वाक्य साहित्याबद्दलचं फार खरं विधान आहे. डॉक्टरांच्या आजाराबद्दल आपण जे वाचतो, ते ज्यांना लिहिण्याइतका अवकाश मिळाला त्यांनी लिहिलेलं आहे. बंगांना तो बरं होताना मिळाला, कलानिधीला मरताना, केला पेशा सोडल्यावर. नोकरीत टिकून असलेल्याची गोष्ट या शेल्फवर जवळजवळ नाहीच.

हिंदी सिनेमाने ती जागा कशी भरली, ते 'कबीर सिंग'मध्ये दिसतं. दारूच्या नशेत शस्त्रक्रिया करणारा, थिएटरमध्येच कोसळणारा सर्जन. व्यसनी डॉक्टर ही खरी आणि गंभीर बाब आहे. सिनेमाने ती प्रेमाची खोली मोजायच्या पट्टीसारखी वापरली. पुन्हा तेच. दुखणं उदात्त झालं आणि दुखण्याचं कारण गोष्टीबाहेर राहिलं.

तक्ता वाचूया

म्हणून मला वाटतं, डॉक्टरांच्या तब्येतीबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर पुस्तकांत नाहीच. तो नियमांत आहे, आणि तोही समीक्षकाच्या नजरेने वाचायला हवा.

सुरुवात 'रेसिडेंट' या शब्दापासूनच करता येते. रेसिडेंट म्हणजे रुग्णालयातच राहणारा. १८८९ मध्ये बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं आणि तिथे विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने शल्यचिकित्सेच्या प्रशिक्षणाची जी पद्धत बसवली, तिचे वारस आजचे रेसिडेंट आहेत. हा हॉल्स्टेड कोकेनचा भूल देण्यासाठी उपयोग होतो का, हे स्वतःवर प्रयोग करून बघताना व्यसनाधीन झाला होता. कोकेन सुटावं म्हणून मॉर्फिन दिलं, तर ते चिकटलं. चोवीस तास रुग्णालयाला वाहून घेण्याचा आदर्श ज्याच्या नावाशी जोडलेला आहे, तो माणूस आयुष्यभर स्वतःचा आजार लपवत होता. कादंबरीत हे वाचलं असतं तर जुळवून आणलंय म्हणालो असतो.

आता आपल्याकडे या. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलं आहे की सलग ड्युटी सर्वसाधारणपणे दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त नसावी आणि ज्युनिअर रेसिडेंटने साधारणतः आठवड्याला ४८ तास काम करावं. स्पष्ट आकडे आहेत. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमावलीत आकडा गायब होतो. तिथे कामाचे तास 'वाजवी' असावेत आणि विश्रांतीही 'वाजवी' मिळावी, असं म्हटलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्याच्या पाहणीत एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं स्वतःच सांगितलं होतं. त्या अहवालाने पुन्हा आकडा आणला: आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास.

हे तीन मजकूर एकाखाली एक ठेवा. ४८, मग 'वाजवी', मग ७४. बत्तीस वर्षांत आदर्शच २६ तासांनी सरकला, आणि तो आरोग्याच्या अहवालात सरकला. त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे ज्यांना ७४ तास मिळाले तर दिवाळी वाटेल, असे रेसिडेंट आज वॉर्डांत आहेत.

डॉक्टरी शपथही वाचून बघा. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत २०१७ मध्ये एक नवं कलम आलं. मी माझ्या स्वतःच्या आरोग्याकडे आणि स्वास्थ्याकडे लक्ष देईन, असा त्याचा आशय आहे. प्रतिज्ञा १९४८ ची, म्हणजे डॉक्टरला शरीर आहे हे तिच्या लक्षात यायला ६९ वर्षं लागली. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे हेतू जोडला आहे: उत्तम दर्जाची सेवा देता यावी म्हणून. म्हणजे स्वतःसाठी नाहीच. यंत्राला तेल घालावं तसं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. डॉक्टरांचं काय एवढं? सफाई कामगार, नर्स, ऊसतोड मजूर बाई यांच्या शरीराचं काय होतं ते बघा. अगदी बरोबर. वॉर्डातल्या आया-मावशींच्या तब्येतीवर तर एखादा परिच्छेदही कोणी लिहीत नाही. पण मी डॉक्टरांसाठी जास्तीची सहानुभूती मागत नाहीये. ज्या कामगाराला आपण देव म्हणतो, त्याचे कामाचे तास मोजायचे राहून जातात, एवढंच म्हणते आहे. आणि त्याचा हिशेब शेवटी खाटेवरच्या माणसाला चुकवावा लागतो. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली, थकलेल्या आणि अपुऱ्या देखरेखीखालच्या रेसिडेंट्सवर प्रश्न उभे राहिले, तेव्हा कुठे त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. थकवा कायद्याला दिसावा म्हणून एका रुग्णाला मरावं लागलं.

दुसरीही एक बाब आहे. वॉर्डातले सगळे सारखे थकत नाहीत. २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातल्या एका निवासी डॉक्टरने जीव दिला आणि जातीवरून छळ झाल्याचे आरोप पुढे आले, हे आपल्याला आठवत असेल. अशा ठिकाणी 'ध्यान करा, पाणी प्या' हा सल्ला अपुरा तर आहेच, शिवाय क्रूर आहे. कोणाला खाट मिळते, कोणाची सुट्टी आधी कापली जाते, कोणाला सगळ्यांसमोर ओरडलं जातं, हेही आरोग्याचेच प्रश्न आहेत. ते सोडवायला साक्षात्कार उपयोगाचा नाही. तक्रार करता येईल अशी जागा लागते.

मला वाचायला मिळावं असं वाटणारं पुस्तक अजून मराठीत माझ्या हाती लागलेलं नाही. त्यात कर्करोग नको, हृदयविकार नको. एका रेसिडेंटला साधा ताप आलाय. ती वरिष्ठांना फोन करायचा की नाही, यावर वीस मिनिटं घालवते, कारण सुट्टी घेतली तर तिची रात्र मैत्रिणीच्या डोक्यावर येणार आणि मैत्रीण कालपासून जागी आहे. मग ती पॅरासिटामॉल घेते आणि जाते. वॉर्डात पन्नास खाटा, शंभर नातेवाईक. एका आजी तिच्या हाताला हात लावून म्हणतात, "पोरी, तुझाच हात केवढा तापलाय." पुढे काही घडत नाही. कोणी मरत नाही, कोणाला काही उमगत नाही. सकाळी राऊंड होतो. फक्त त्या महिन्याचा ड्युटीचा तक्ता पुस्तकात जसाच्या तसा छापलेला असावा, नावांसकट, खाडाखोडीसकट.